गेली तेवढी परत

गुरुवारी दुपारी चार वाजता चर्चमध्ये गाण्याचा कार्यक्रम कोण ठेवतं, असं त्या इटालियन पाद्र्याने पुन्हा पुन्हा विचारलं होतं. रविवारी ठेवा, लोक येतील, असं त्याचं म्हणणं. पण आमच्या गावच्या पाद्र्याची बायको, पोरांचं गाण्याचं पथक घेऊन येणाऱ्या पाद्रीणबाई एलेओनोरा, फोनवर हटून बसल्या. गुरुवार म्हणजे गुरुवार. त्यांना जे लोक यायला हवे होते, त्यांना गुरुवारीच दुपारची सुटी मिळते. इटलीत परक्यांचे आईबाप सांभाळणाऱ्या आमच्या मोल्दोवाच्या बायका. आठवडाभर त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची, आणि गुरुवारी दुपारची जेवणं उरकली की आठपर्यंत काय ती मोकळीक. पादोवाजवळच्या त्या गावात आमच्याकडच्या अशा बऱ्याच बायका होत्या, आणि त्यातल्या काहींची गावाहून बसने आलेली पोरं आज गाणार होती.

राईसा त्यातलीच एक. सहा वर्षांच्या लेकीला, ओलेसियाला, आपल्या आईजवळ ठेवून ती निघाली होती, आणि आता ओलेसिया बारा वर्षांची झाली होती. मधल्या काळात एकदाही भेट नाही. कागद नव्हते ना. इटलीतून बाहेर पडायला कुणी अडवत नाही, पण पडलं की पुन्हा आत येता येत नाही. पुढच्या वर्षी कागद होतील, पुढच्या वर्षी होतील, असं करत सहा वर्षं गेली. पोरीच्या बापाचं तर नाव काढायला नको. तो मॉस्कोला इमारती बांधायला गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला.

त्या सकाळी फोन आला तेव्हा राईसा तिच्या सांभाळायच्या म्हातारीला लापशी भरवत होती. फोनवर गावाकडची शेजारीण होती, झिनाइदा.

"राईसा, उभी आहेस का गं? बस आधी."

एवढ्यावरून राईसाला कळायचं ते कळलं. आई सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, अंगणातच खाली बसली, आणि उठलीच नाही. दुखणं नाही, खुपणं नाही. राईसाने फोन ठेवला आणि उरलेली लापशी भरवली. काय करणार? म्हातारी तोंड उघडून वाट बघत होती.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की बाईच्या डोक्याला काळा रुमाल येतो, आणि चाळीस दिवस त्या घरातल्या कुणाच्या तोंडून गाणं निघत नाही. हा नेम गावातले बेवडेसुद्धा पाळतात. राईसाने आरशासमोर काळा रुमाल बांधला आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण असं जाऊन बसलो तर पोरीला रांगेतूनच दिसेल. तिला आजीशिवाय आहे कोण? गाणं चालू असताना, परक्या लोकांपुढे, ती तिथल्या तिथे कोसळेल. म्हणून तिने काळा सोडला, निळा फुलाफुलांचा बांधला, कानात लाल डूलही घातले. डूल पटकन जाईनात.

गावातल्या बसमध्ये ग्लाफिरा भेटली. गावाकडे एकाच आळीतल्या दोघी. ग्लाफिरा म्हणजे तोंडाळ, हसरी, अंगाने भरलेली बाई; बोलायला लागली की समोरच्याने फक्त ऐकायचं. तिचा निकू तीन वर्षांचा असताना ती इकडे आली, तो आता नऊचा झाला होता. या वर्षी गाणाऱ्या पोरांच्या बसमध्ये जागा नव्हती म्हणून त्याचा नंबर पुढच्या वर्षी लागणार होता.

"फुलाफुलांचा बांधलास?" ती हळूच म्हणाली. तिलाही फोन आलाच होता.

"पोरीला गाऊ दे. मग सांगते."

"बायका नावं ठेवतील."

"ठेवू देत."

"ठेवू देत तर ठेवू देत. मी आहे. बघतेच एकेकीकडे."

जरा वेळाने राईसा म्हणाली, "ग्लाफिरा, मी तिला परत पाठवणार नाही."

ग्लाफिराने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"कुणाकडे पाठवू? घराला कुलूप लागेल आता. सहा वाजता त्यांची बस निघेल, त्याआधी मी तिला घेऊन जाते. म्हातारीच्या घरात मागची खोली आहे. तिच्या मुलाच्या पाया पडेन मी."

यात काय दडलं होतं ते दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. आदल्या वर्षी शेजारच्या गावचं नाचाचं पथक इटलीत आलं आणि त्यातली चार पोरं त्यांच्या आयांनी ठेवून घेतली. त्यांनी तरी काय गुन्हा केला? पण तेव्हापासून त्या गावच्या एकाही पोराला व्हिसा मिळालेला नाही. आमच्या पाद्रीणबाईंना वकिलातीत बसवून बजावलं होतं, गेली तेवढी परत आली पाहिजेत, एक जरी कमी झालं तरी पुन्हा तोंड दाखवू नका. बाईंनी सही केली होती.

"ठेव," ग्लाफिरा म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवली असती."

मग ती उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. निकूचा पुढच्या वर्षीचा नंबर मग कुठला, हे राईसाला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले.

चर्चमध्ये पुढचे बाक आमच्या बायकांनी भरले होते, मागे थोडेफार इटालियन. पोरं आली. पांढरे भरतकामाचे सदरे, कमरेला लाल पट्टे, पोरींच्या डोक्याला एकसारख्या फिती. राईसाने पुढच्या रांगेतली तिसरी पोरगी बघितली. लहानखुरी, दोन वेण्या, गालावर खळी. तिच्याकडे बघून ती हसली, तिच्यासाठी रडली, अख्खं पहिलं गाणं तिच्यावरून डोळे हलवले नाहीत. टाळ्या वाजल्या तेव्हा ग्लाफिराने तिला कोपराने ढोसलं.

"अगं, ती फेओदोराची नात. तुझी मागे आहे. ती उंच."

मागे, अगदी कडेला, एक उंच, हडकुळी पोरगी उभी होती. हात सदऱ्याच्या बाह्यांतून बाहेर आलेले. ती मघापासून राईसाकडेच बघत होती. आपली आई दुसऱ्याच पोरीकडे बघून हसते आहे, हे तिने सगळं गाणंभर बघितलं होतं.  राईसाला फोटो आले होते की, दर वर्षी येत होते. पण मनाशी तिने निघतानाची सहा वर्षांचीच पोरगी धरून ठेवली होती, आणि मनातली काही वाढली नव्हती.

आता तिने कान लावले. फोनवर ओलेसिया सांगायची, मी दुसऱ्या आवाजात गाते आई, खालच्या. राईसा तो खालचा आवाज शोधत राहिली. पाठीमागून मात्र कुजबुज यायची ती बरोबर ऐकू येत होती.

"आईला अजून पेटीत ठेवलं नसेल, आणि हिच्या कानात डूल बघा."

"इटलीचं वारं लागलं की असंच."

ग्लाफिरा मागे वळली आणि तिने असं काही बघितलं की त्या दोघी गप्प झाल्या. राईसाला राग आला नाही. तीही गावात असती तर हेच बोलली असती. आपण पोरीला आजीच्या मयताच्या दिवशी गायला लावलं, हे पाप कुणाच्या माथी जाईल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

गाणं संपल्यावर पोरांना बाजूच्या दालनात नेलं. इटालियन बायकांनी हौसेने मांडलं होतं सगळं, हॅम घातलेले पाव, अंड्यांचे केक. आमचा नाताळ जानेवारीत, म्हणजे डिसेंबरभर आमचे उपास, मांस-अंडं चालत नाही. पोरं एकदा हॅमकडे बघत आणि एकदा पाद्रीणबाईंकडे. बाई पक्क्या होत्या. त्यांनी मुद्दाम भिंतीवरच्या चित्राकडे तोंड करून ते बराच वेळ न्याहाळलं, आणि तेवढ्यात ताटं रिकामी झाली.

ज्यांच्या आया तिथे होत्या ती पोरं आयांना बिलगली. बाकीची भिंतीकडेला खात बसली. कुणाची आई मालकांकडून सुटी काढून उद्या बोलोन्यात भेटणार होती, कुणाची परवा ब्रेशियात. ओलेसिया राईसासमोर येऊन उभी राहिली. खांद्यापर्यंत आली होती.

"बऱ्या आहात ना?" ती म्हणाली, पाहुण्यांना विचारतात तसं. आणि मग ओशाळून, "बरी आहेस ना, आई?"

राईसाने तिला जवळ ओढलं. पोरगी आधी काठीसारखी ताठ राहिली, मग हळूहळू तिचं डोकं खाली आलं. तिच्या केसांना घरच्या चुलीचा वास होता. त्या वासाने राईसाचा बांध फुटायच्या बेतात आला. तिने ओठ दाबून धरले.

"कोट घाल," ती म्हणाली. "जरा बाहेर जाऊ."

दारात पाद्रीणबाई होत्या. त्यांना नवऱ्याने सकाळीच फोन केला होता. मयताचं सगळं तोच बघणार होता. त्यांनी राईसाचा फुलाफुलांचा रुमाल बघितला, ओलेसियाचा कोट बघितला, आणि बाजूला झाल्या.

"सहाला बस निघते, राईसा," एवढंच म्हणाल्या.

"हो बाई."

बसथांब्यावर बाकडं होतं. दोघी बसल्या. राईसाने पोरीचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं. असलं कसं सांगायचं असतं? तिने झिनाइदाने सांगितलं तसंच सांगितलं. कोंबड्या, अंगण, बसली, उठली नाही.  ओलेसियाचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली, लहान पोरासारखी, आवाज काढून. राईसाही रडली. सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं. जाणारे-येणारे बघत होते, बघू देत.

"मला आधीच सांगायला हवं होतं," राईसा म्हणाली. "तुला अशा दिवशी गायला लावलं मी. देव मला..."

"मी गायलेच नाही."

"काय?"

"मला गाता येत नाही, आई." ओलेसियाने बाहीने नाक पुसलं. "मी नुसतं तोंड हलवते. आमच्यातली निम्मी तशीच आहेत. पाद्रीणबाई म्हणतात, आवाज काढायचा नाही, पण तोंड नीट उघडायचं. त्या गळा बघून घेतच नाहीत. ज्याची आई इकडे असते त्याला घेतात."

राईसा तिच्याकडे बघत राहिली. गावाने हे गुपित किती वर्षं पोटात ठेवलं होतं कोण जाणे.

"मग फोनवर दुसरा आवाज, दुसरा आवाज काय म्हणायचीस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

राईसाला हसू आलं, रडता रडताच. पोरगीही हसली. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघी एका गोष्टीला एकत्र हसल्या, आणि तेही अशा दिवशी.

"ओलेसिया, ऐक," ती म्हणाली. "आता तू परत जायचं नाही. माझ्याजवळ राहायचं. आत्ता बस येईल, त्यात बसायचं आणि घरी जायचं."

"खरंच?"

"खरंच."

"आणि शाळा?"

"इथे शाळा नाहीत का? घालीन की."

पोरीचा चेहरा बघायला हवा होता. डोळे रडून लाल, आणि त्यात असा उजेड. तिने आईचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि खांद्यावर डोकं टेकलं. मग तशीच, डोकं न उचलता, म्हणाली, "मग विताली?"

"कोण विताली?"

"माझ्या शेजारी बसतो तो. सात वर्षांचा आहे. त्याची आई उद्या बोलोन्यात आहे. रस्ताभर मला विचारत होता, बोलोन्या कधी येणार. पाद्रीणबाईंनी आम्हाला सांगितलंय, कुणी एक जरी हरवलं तर पोलिसांना कळवावं लागेल आणि बस तिथूनच माघारी वळेल."

 ओलेसियाने डोकं उचललं आणि ती आईच्या तोंडाकडे बघायला लागली. तिला एवढंच ऐकायचं होतं की त्याचं काय ते त्याची आई बघेल, तू नको त्यात पडू. आईने हे म्हणावं म्हणून तर ती बघत होती. आणि राईसाला म्हणायचं होतं. जिभेवर होतं. आपल्यालाच का सगळ्यांची पोरं सांभाळायची? आपली आई गेली, तिच्या मयताला जाता येत नाही, आणि वर कुठल्या वितालीची चिंता आपण करायची? कुणी केली होती आपली?

बस आली. दार उघडलं. पोरगी उठली, आईचा हात धरून पायरीपर्यंत गेली. ड्रायव्हर थांबला.

"सिन्योरा, येताय ना?"

राईसाचा पाय उचलला जाईना. तिला ते पोरगं डोळ्यांपुढे दिसत होतं, न बघितलेलं, आणि बोलोन्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आज घड्याळाकडे बघणारी त्याची आई दिसत होती. ती बाई म्हणजे कालची राईसाच. काल रात्री तिने असंच घड्याळ बघत भाज्या चिरल्या होत्या.

"येताय का?"

तिने मान हलवली. दार बंद झालं आणि बस गेली.

ओलेसिया गेलेल्या बसकडे बघत राहिली. तिला समजलं.

"मी विचारलं म्हणून," ती पुन्हा रडत म्हणाली.

"नाही गं."

"मी त्याचं नाव काढलं नसतं तर आपण गेलो असतो."

"ओलेसिया, नाही. बघ इकडे. तू काही केलं नाहीस. हे माझं आहे, सगळं माझं."

"मी गप्प बसायला हवं होतं. आजी म्हणायचीच, तुझ्या तोंडाला जरा म्हणून दम नाही." आणि पोरगी रडायची थांबली. ते थांबणंच वाईट होतं. राईसाने तिला कवटाळलं, चेहऱ्यावर, केसांवर मुके घेतले, ती निमूट उभी राहिली.

"मी येईन. कागद झाले की लगेच..."

"हो, आई," ओलेसिया म्हणाली. फोनवर म्हणायची तसंच.

परत आल्या तेव्हा पोरं बसमध्ये चढत होती. पाद्रीणबाई दाराशी उभ्या राहून एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजत होत्या. राईसाला बघून त्यांचा हात अर्ध्यातच राहिला.

"मला वाटलं, तू गेलीस."

"गेलेच होते."

बाईंनी ओलेसियाच्या डोक्याला हात लावला. मग म्हणाल्या, "माझ्या घरी राहील ती. माझ्या पोरींच्या खोलीत. जे त्या खातील ते ही खाईल. शब्द देते."

"तिला चाळीस दिवस गायला लावू नका."

"राईसा, ती गात नाही गं."

"माहीत आहे मला. तोंडसुद्धा हलवायला लावू नका."

"नाही लावणार. उद्यापासून मेणबत्ती धरून उभी राहील बाजूला."

राईसाने पिशवीतून वाफवलेल्या कोबीच्या पानांतला भात आणि बटाट्याच्या पोळ्यांचा डबा काढला. उपासाचं सगळं, काल रात्री केलेलं. ओलेसियाने तो घेतला. पायरीवर चढताना ती वळली आणि म्हणाली, "घराची किल्ली झिनाइदाकडून घेऊ का मी? कोंबड्यांना कुणीतरी आत कोंडायला हवं."

"घे," राईसा म्हणाली. "घे, बाळा."

बस वळून मोठ्या रस्त्याला लागली. आमच्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. कुणी रुमाल हलवत होती, कुणी नुसतीच. हळूहळू एकेक करत पांगल्या, आठच्या आत सगळ्यांना आपापल्या म्हाताऱ्यांकडे पोचायचं होतं. ग्लाफिरा तेवढी थांबली. ती जवळ आली. डोळे सुजलेले, हात कोटाच्या खिशात.

"राईसा," ती म्हणाली, "मी तुझे कसे..."

"नको," राईसा म्हणाली. "आभार मानू नकोस माझे. मला तुझ्या निकूचा राग येतो आहे, ग्लाफिरा. त्या पोराने माझं काही वाकडं केलेलं नाही, त्याला मी कडेवर घेतलं आहे, पण मला त्याचा राग येतो आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. पुढच्या वर्षी तो येईल ना, तेव्हा मला बोलावू नकोस."